‘मला तिचं सगळं कळतं, मग मशीन कशाला?’

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही फलटण तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. तिला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या दोषामुळे अवयवांवर ताबा राहत नाही. हात मनाविरुद्ध वळतात, मान डगमगते, स्पष्ट बोलता येत नाही. ‘आ’, ‘ऊं’ असे आवाज काढते, पण मला त्यातलं सगळं कळतं. भूक लागली, शी आली, टीव्हीवर दुसरं काही लावायचंय, सगळं. शाळेत मी तिच्या शेजारी बसते. डोक्याने हुशार आहे, गोष्ट सांगितली की हसायच्या जागी बरोबर हसते. तालुक्याहून येणाऱ्या विशेष शिक्षिका मॅडमनी माझ्या जुन्या फोनवर चित्रांचं एक ॲप टाकून दिलं. चित्र दाबलं की फोन बोलतो. तर ही दिवसभर ‘पाणी, पाणी’ दाबत बसली. पाणी दिलं तर पिईना. शेवटी फोन कपाटात ठेवला. सासूबाई म्हणतात, मशीन बोलायला लागलं तर पोरगी तोंड कशाला उघडेल? आणि मिस्टरांनी डोळ्यांनी चालणाऱ्या कॉम्प्युटरचा व्हिडिओ पाहिला. ते म्हणतात कर्ज काढू, दागिने ठेवू, पण तोच घेऊ. त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. मला वाटतं, मी आहे ना तिच्यासाठी. मला तिचं सगळं कळतं, मग मशीन कशाला?
– एक आई

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात तीन माणसांचे तीन प्रश्न आहेत. सासूबाईंचा आणि मिस्टरांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते.

तुम्हाला तिचं कळतं याबद्दल मला शंका नाही. नऊ वर्षं तुम्ही तिचा चेहरा वाचत आला आहात, ते कुठल्याही थेरपिस्टला जमणार नाही. पण तुम्ही स्वतः दिलेली यादी परत वाचा. भूक, शी, टीव्ही. ज्या गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर घडतात आणि ज्यांचा तुम्हाला अंदाज बांधता येतो, तेवढ्याच गोष्टी यादीत आहेत. काल रात्री तिला काय स्वप्न पडलं? तुम्ही बाईंशी बोलायला व्हरांड्यात गेलात तेवढ्यात मागच्या बाकावरचा मुलगा काय म्हणाला? तुमच्या हातचा भात आवडतो की आजीच्या? नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलीच्या डोक्यात दिवसाला अशा शंभर गोष्टी येऊन जातात आणि त्यातल्या निम्म्या आईला सांगायच्या नसतातच, मैत्रिणीला सांगायच्या असतात. तुमच्या मुलीला मैत्रिणीशी बोलायचं तरी मध्ये आई लागते. गुपित म्हणून काही तिच्याजवळ नाही. आईची चहाडी करायची सोय नाही.

आता एक गोष्ट लिहिते, ती वाचायला जड जाईल. तुम्ही नसताना तिला कोणी दुखावलं, नको तिथे हात लावला, तर ती सांगणार कुणाला आणि कशी? तुम्हाला ती बेचैन दिसेल, जेवणार नाही, रडेल. तुम्ही पोट तपासाल, ताप बघाल. तुमच्या मायेत काही कमी नसताना हे होऊ शकतं. ती आता नऊ वर्षांची आहे, दोन-चार वर्षांत पाळी येईल. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, ‘दुखतंय’, ‘हात लावू नको’, ‘भीती वाटते’, ‘आईला बोलव’ ही वाक्यं तिच्याकडे स्वतःच्या ताब्यात असायला हवीत. ॲपमध्ये असे शब्द आधीपासून नसतील तर मॅडमना सांगून घालून घ्या. लाजू नका. ज्या मुलांना बोलता येत नाही, त्यांच्या बाबतीत गैरवागणूक करणाऱ्याला पहिला भरवसा हाच असतो की हे मूल काही सांगणार नाही.

म्हणजे मशीन तुमच्या जागी येणार नाही. जिथे तुम्ही नसता तिथे ते लागतं.

आता त्या ‘पाणी, पाणी’चं. तुम्ही वैतागलात ते समजू शकते. पण तिच्या बाजूने बघा. जन्मात पहिल्यांदा तिच्या हाताने काहीतरी केलं आणि खोलीतल्या सगळ्यांना एकच अर्थ कळला. कोणीतरी उठून पेला आणला. हे परत परत करून बघावंसं वाटणारच. तान्ही मुलं ‘बाबाबाबा’ करत बसतात तेव्हा आपण त्यांचं तोंड बंद करत नाही. फोन कपाटातून काढा. पहिले काही दिवस ‘पाणी’ दाबलं की घोटभर द्या, मग हसून सांगा, ‘आत्ताच प्यायलीस, आता संपलं’, आणि तुम्ही स्वतः ‘संपलं’चं चित्र दाबा.

तुम्ही स्वतः दाबायचं, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कुठलंही मूल पहिला शब्द बोलण्याआधी वर्षभर तो शब्द ऐकतं. चित्रांची भाषा मात्र आपण मुलाच्या हातात देतो आणि लगेच म्हणतो, ‘दाखव बघू, पाणी कुठंय?’ ती परीक्षा झाली, बोलणं कुठे झालं? भाकरी वाढताना तुम्ही तोंडाने नेहमीसारखं बोला आणि त्यातला एखादाच शब्द फोनवर दाबा : ‘आणखी’. दूध उतू गेलं की ‘अरेरे’. सासूबाई टीव्ही बंद करतात तेव्हा ‘नको’. ती दाबते का याकडे बघू नका, निदान काही आठवडे तरी. घरातल्या सगळ्यांनी हे केलं तर फारच चांगलं, चुलतभावंडं तर खेळ म्हणूनच करतील.

आणि कृपा करून तिचा हात धरून चित्रावर नेऊ नका. तुम्ही हात नेलात तर बोललात तुम्ही. १९९०च्या दशकात अमेरिकेत अशी एक पद्धत फार गाजली होती. न बोलणाऱ्या मुलांचा हात किंवा मनगट धरायचं आणि त्यांच्याकडून टाइप करून घ्यायचं. मुलं पानंच्या पानं लिहू लागली, आईवडील आनंदाने रडले. मग कोणीतरी रीतसर चाचण्या घेतल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्याला वेगळं. टाइप झालं ते हात धरणाऱ्याला दाखवलेलं चित्र. त्या आईवडिलांचं काय झालं असेल, याचा मी अजूनही विचार करते.

तिचा हात चित्रापर्यंत पोचायला वेळ लागेल. सीपीच्या ज्या प्रकारात हात असे वळतात, त्यात घाई केली, कोणी ‘लवकर, लवकर’ म्हटलं की हात जास्तच भरकटतो. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा मोजा. तुमच्यासारख्या आईला हे दहा आकडे फार लांब वाटतील, कारण उत्तर तुम्हाला दोनलाच कळलेलं असतं. तरी थांबा.

शब्द कोणते ठेवायचे? बहुतेक घरांत पहिल्या पानावर पाणी, जेवण, शी, झोप असतात. त्यातलं बरंचसं तुम्हाला न सांगताही कळतं, मग तिने एवढी मेहनत कशासाठी घ्यायची? ‘नको’, ‘आणखी’, ‘थांब’, ‘संपलं’, ‘मी’, ‘तू’, ‘बघ’, ‘काय’, ‘मदत कर’ हे शब्द दिवसभर कुठेही चालतात. त्यांत ‘नको’ पहिला. जिला ‘नको’ म्हणता येत नाही, तिचं ‘हो’ कोणी खरं धरू नये. मग चुलतभावंडांना विचारून त्यांचे शब्द घाला : ‘शी!’, ‘आता माझा नंबर’, ‘चीटिंग केली’, ‘गप ए’. मोठ्यांना हे आवडत नाही, पण मुलांत मिसळायला हेच लागतं. एकदा जागा ठरवली की चित्रं इकडेतिकडे हलवू नका, टाइप करणाऱ्याचा हात अक्षर न बघता जातो तशी तिच्या हातालाही जागा पाठ व्हायची असते.

ॲप कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीत बोलतं. त्यात आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी अशी सहा बटणं कायम समोर असतात, ती मला फार उपयोगी वाटतात. चेन्नईत बनलेलं ‘आवाज’ पैसे भरून घ्यावं लागतं, त्यात शब्द पुष्कळ आहेत. सध्या मॅडमनी दिलंय तेच चालू ठेवा, ॲप बदलत बसू नका. फोनच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून ठेवा म्हणजे रेंज गेली तरी बोलणं थांबणार नाही. तिथेच ॲक्सेसिबिलिटी नावाचा विभाग असतो. चुकून झालेला हलका स्पर्श धरू नये, लागोपाठचा दुसरा स्पर्श सोडून द्यावा, अशा सोयी बऱ्याच फोनांत असतात, मॅडमसोबत बसून लावून घ्या. ॲप ‘पिन’ करून ठेवलं तर हात सरकला तरी ती यूट्यूबवर जाऊन पडणार नाही. आणि जमलं तर वाक्यांना तिच्या वयाच्या चुलतबहिणीचा आवाज द्या, ज्या ॲपमध्ये स्वतः ध्वनिमुद्रण करता येतं त्यात. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज विनोदी वाटतो.

सासूबाईंना सांगा, ही शंका जगभरच्या आज्यांना येते आणि डॉक्टरांनाही येते, म्हणून ती तपासूनही झाली आहे. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांची उदाहरणं निघाली. चित्रं, खुणा किंवा यंत्र दिल्यानंतर त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ बहुतेकांत माफक होती, तेव्हा ‘यंत्राने वाचा फुटेल’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण बोलणं बंद पडेल ही भीती सोडून द्या. ती ‘ऊं’ म्हणाली आणि तुम्हाला कळलं तर ते चाललंच, तिथे ‘फोनवर दाब’ म्हणून अडवू नका. आपणही लांबून हात हलवून बोलावतो, जवळ आलं की तोंडाने बोलतो. सासूबाईंना काम द्या : संध्याकाळी गोष्ट सांगताना ‘मग काय झालं?’ हे वाक्य मुलीने फोनवर दाबल्याशिवाय गोष्ट पुढे न्यायची नाही. आजीला श्रोता मिळेल, नातीला आजीवर हुकूम चालवायला मिळेल.

आता मिस्टर. दागिने राहू द्या. डोळ्यांनी चालणारी यंत्रं खरोखर आहेत आणि काही मुलांचं आयुष्य त्यांनी बदललं आहे. त्यांची किंमत लाखांत जाते, भर उन्हात ती नीट चालत नाहीत आणि मान सतत डगमगत असेल तर डोळ्यांचा माग लागणं अवघड होतं. व्हिडिओतलं मूल आणि तुमचं मूल यांत हा फरक असू शकतो. तिच्यावर प्रत्यक्ष वापरून बघितल्याशिवाय असं यंत्र कोणी विकत घेऊ नये. आज नाही तर दोन वर्षांनी तिला ते लागू पडेलही, तेव्हा विचार करा.

पण मिस्टरांच्या हातात जो धंदा आहे, त्याची तुमच्या मुलीला आज गरज आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की ती फोन वापरते तेव्हा तुमच्या मांडीवर किंवा उशांना टेकून बसते. अशा मुलाची अर्धी ताकद पडू नये म्हणून खर्च होते. बूड स्थिर नसेल तर हात नेमका जाणार नाही, मग फोन कितीही भारी घ्या. तिला अशी खुर्ची हवी जिच्यात कंबर मागे टेकलेली, कमरेला पट्टा, गुडघे काटकोनात आणि पाय अधांतरी न लोंबता फळीवर टेकलेले राहतील. पुढे छातीच्या खालच्या उंचीवर ट्रे, त्याला कडा, म्हणजे कोपरं टेकवता येतील. ट्रेवर फोन तिरका धरणारा स्टँड, घट्ट बसवलेला. मापं मात्र फिजिओथेरपिस्टकडून किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून घ्या, अंदाजाने बनवलेल्या खुर्चीने पाठ वाकडी होऊ शकते. सातारच्या जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आधी विचारा. तिच्यासाठी काही केलं पाहिजे म्हणून तळमळणाऱ्या बापाला कर्जाच्या फॉर्मपेक्षा वेल्डिंग मशीन जास्त शोभतं.

फोनवर बोटं शेजारच्या चित्रावर घसरत असतील तर नावाच्या पाट्या कापून देणाऱ्याकडून पातळ ॲक्रिलिकची पट्टी करून घ्या, चित्रांच्या जागी भोकं पाडलेली, आणि ती स्क्रीनवर बसवा. हात पट्टीवर टेकून राहतो, बोट भोकातूनच खाली जातं. तेवढ्याच खर्चात आणखी एक वस्तू करा. पुस्तकाएवढी पारदर्शक शीट, मध्ये चौकोनी खिडकी, चार कोपऱ्यांत चार चित्रं. तुम्ही पलीकडून खिडकीतून तिच्याकडे बघायचं, ती ज्या कोपऱ्याकडे बघेल ते तिचं उत्तर. डोळ्यांनी चालणाऱ्या महाग यंत्राची ही जुनी आणि अजून न हरलेली बहीण. तिला चार्जिंग लागत नाही.

शाळेत तुम्ही शेजारी बसता, त्यामुळे बाई प्रश्न तुम्हाला विचारतात आणि मुलं खाऊही तुमच्याच हातात देतात, बरोबर ना? एका बाकाने मागे सरका. मग दोन बाक. हजेरीच्या वेळी ‘हजर, बाई’ तिच्या फोनमधून येऊ द्या, एवढ्यानेच वर्गाची तिच्याकडे बघायची नजर बदलायला लागते. बाईंना सांगा, उत्तराचे दोन-तीन पर्याय फळ्यावर लिहा आणि तिला त्यातलं निवडायला वेळ द्या.

इथे हक्काचं थोडं बोलते, कारण तुम्ही बहुधा उपकार मागितल्यासारखं मागत असाल. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शिक्षणसाहित्य आणि योग्य ती साहाय्यक उपकरणं मोफत मिळाली पाहिजेत. तालुक्याच्या शिक्षण विभागाचं गटसाधन केंद्र असतं, तिथल्या समावेशित शिक्षणाच्या लोकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते आधी काढा, त्याशिवाय काही हलत नाही. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला उपकरणं पूर्ण मोफत मिळतात. या योजनेच्या शिबिरांत बोलणारी यंत्रं क्वचित दिसतात, पण सीपी मुलांची खुर्ची जरूर मागा. सीपी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या कायद्यात येतो, त्यामुळे त्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च, थेरपीसकट, मिळू शकतो.

आणि चित्रांवर थांबू नका. हे मी प्रत्येक आईला सांगते आणि प्रत्येक आई मान हलवून विसरते. चित्रांच्या पाटीवर दुसऱ्या कोणीतरी घातलेले शब्दच बोलता येतात. अक्षरं आली की तिला हवं ते बोलता येईल, तुम्ही स्वप्नातही न घातलेलं. मुंबईच्या मालिनी चिब यांना सीपी आहे. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सीपी मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ही संस्था सुरू केली ती याच मुलीच्या निमित्ताने. मालिनी यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि स्वतःचं आत्मचरित्र एका बोटाने टाइप करून लिहिलं. त्यांच्या घरी साधनं होती, परदेशी शिक्षण होतं, तुमची परिस्थिती तशी नाही हे मला माहीत आहे. पण त्या एका बोटाच्या मागे आधी अक्षरओळख होती, आणि अक्षरओळखीला परदेश लागत नाही. मराठीत काना-मात्रा आणि जोडाक्षरांनी टाइप करणं अवघड होतं, म्हणून सुरुवातीला नुसत्या पहिल्या अक्षरावर भागवा. तिने ‘म’ दाखवला की तुम्ही विचारा : माणूस? जागा? वस्तू? तिचा हो-नाहीचा इशारा पक्का असेल, समजा ‘हो’साठी वर बघणं आणि ‘नाही’साठी बाजूला, तर एवढ्यावर पुष्कळ बोलता येतं. तिसरीत आहे म्हणता, तर अक्षरं तिला येतही असतील. कोणी विचारलंय का तिला?

शेवटचं काम तुमच्यासाठी, आणि तेच तुम्हाला सगळ्यांत जड जाणार आहे. आठवड्यातून एक दुपार तिला तुमच्या विश्वासातल्या कोणाकडे तरी ठेवा. जाऊबाई असतील, मावशी असेल. ती जेवते कसं, बसते कसं हे नीट दाखवून द्या. सोबत फोन द्या आणि त्याच चित्रांची प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली कागदी पाटी, बॅटरी संपली तर. जाऊबाईंना बजावून सांगा : तब्येतीचं काही असेल तर लगेच फोन करायचा, पण ‘हिला काय हवंय’ हे विचारायला मला फोन करायचा नाही, तिलाच विचारायचं. पहिल्या दुपारी जाऊबाईंना निम्मं कळणार नाही आणि मुलगी चिडेल. तेव्हा जाण्याआधी पाटीवर ‘तुला कळत नाहीये’ आणि ‘मला राग आलाय’ ही दोन चित्रं आठवणीने घाला, आणि तिच्यासमोर स्वतः एकदा वापरून दाखवा.